चक्कीपर्यंतचे फोटो

आमच्या ले-आउटमधली घरं एकाच ठेकेदाराने एकाच नकाशावर बांधली आहेत. पुढे फरशी, डाव्या हाताला जिना, गच्चीवर काळी टाकी. अमरावती शहर सोडून रिद्धपूरकडे जाणाऱ्या बसगाड्या ज्या रस्त्याने जातात, त्या रस्त्याला लागून हा ले-आउट आहे. गल्ल्यांना नावं नाहीत. घरांना क्रमांक आहेत, पण ते प्लॉट विकले गेले त्या क्रमाने पडलेले, त्यामुळे ओळीने लागत नाहीत. कुरिअरवाले कोपऱ्यावरून फोन करतात आणि घरातून कुणीतरी बाहेर येऊन हात हलवतं.

अशा ठिकाणी माझी मोठी बहीण मार्चमध्ये राहायला आली.

ताईचं सासर तेल्हाऱ्याचं. कापसाची शेती. भाऊजी गेल्यावर तिने शेत ठोक्याने कसायला दिलं आणि त्या घरात एकटी राहिली. हिवाळ्यात तिला मेंदूचा झटका आला. अकोल्याच्या दवाखान्यात वेळेत पोचली. हातपाय वाचले, वाचा वाचली. वाचता येत होतं, हिशेब येत होता, माणसं ओळखू येत होती. एक गोष्ट गेली. तिला वस्तू ओळखू यायच्या, जागा ओळखू यायची नाही. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून सांगितलं की तिला झाड दिसेल, ते कडुनिंबाचं आहे हेही कळेल. पण हे आपल्या घराजवळचं झाड, इथून डावीकडे वळायचं, ही जुळणी होणार नाही. सराव करा, म्हणाले. किती फरक पडेल ते सांगता येणार नाही, असंही म्हणाले.

तेल्हाऱ्याला परत नेल्यावर ती शेजारणीकडे गेली आणि परतताना स्वतःच्याच गल्लीत उभी राहिली. म्हणून मी तिला अमरावतीला आणलं.

तिचा मुलगा पुण्यात असतो, नवव्या मजल्यावर. तो आणि सून दोघंही नोकरीला जातात. त्याने फोनवर सांगितलं की जूनच्या अखेरीस येतो आणि आईला घेऊन जातो. दिवसभरासाठी एक बाई ठेवू, दाराला बाहेरून लॅच असेल, काळजी नको. तो प्रेमाने बोलत होता. ताईने फोन माझ्या हातात दिला आणि ज्वारी निवडायला बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"तथी सगळे मजले सारखेच हायेत. एक डाव तर मी दुसऱ्याच्याच घराची बेल वाजवली होती, अन् तवा तर मी चांगली होती. आता कोंडूनच ठेवतीन मले."

नंतर तिनेच मुलाला फोन लावला आणि अट घातली. तू येशील तोवर मी एकटी चक्कीवर जाऊन दळण आणायला लागली तर मी इथंच राहणार. नाही जमलं तर तुझ्याबरोबर येते, मुकाट्याने. मुलगा हसला असावा. हो म्हणाला.

चक्की तिने उगाच निवडली नव्हती. पिशवीतल्या पिठाची भाकर ती खात नाही, आणि दळण दुसऱ्याच्या हाती पाठवणं तिला आवडत नाही. चक्कीवाला आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू झाडून घेत नाही असा तिचा सगळ्याच चक्कीवाल्यांबद्दल संशय आहे. आमच्या घरापासून चक्की फार लांब नाही. चार वळणं आहेत.

आधी मी लिहून दिलं. पहिल्या वळणाला डावीकडे, मग सरळ, मग उजवीकडे. कागद घेऊन ती फाटकाबाहेर पडली आणि थांबली. डावीकडे म्हणजे कुणीकडे तोंड केल्यावर, हा तिचा प्रश्न होता. तो बरोबर होता.

मग मी फोटो काढायचं ठरवलं. मी अकोल्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. फोटो काढणं हे माझं काम नव्हतं, निवडणं आणि कापणं हे काम होतं. तालुक्यांहून येणाऱ्या ढीगभर फोटोंमधला एक घ्यायचा, त्यातला नको तो भाग उडवायचा आणि पानावर लावायचा. डोळा कुठे थांबतो ते पाहायचं, हे मला वरिष्ठांनी शिकवलं होतं. ज्या फोटोत डोळा थांबत नाही, तो कितीही खरा असला तरी आम्ही लावत नसू.

मे महिना होता. सकाळी लवकर, गल्लीत माणूस नसताना, मी बाहेर पडलो. पहिल्या वळणावरच्या घराच्या खिडकीला लोखंडी घोडीवर ठेवलेला मोठा निळा कूलर होता. डोळा तिथेच थांबायचा. दुसऱ्या वळणावर किराणा दुकानदाराने समोरच्या खांबापर्यंत हिरवी जाळी ताणली होती, खाली सगळी हिरवी सावली. तिसऱ्या वळणावर कडुनिंबाखाली पाणपोई होती, लाल कापड गुंडाळलेले रांजण. चौथ्या वळणावर रसवंती, तिच्या चरकाला घुंगरू आणि चमकीच्या माळा. चार वळणांना चार उत्तम फोटो. कुत्रं मध्ये आलं तर ते जाईपर्यंत मी थांबलो. फाटकातून एक गृहस्थ बाहेर आले, माझ्याकडे आणि मोबाइलकडे पाहून म्हणाले,

"काय भाऊ, घरटॅक्स वाढवून राहिले का?"

मी कारण सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मी पेपरात होतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी जिन्याखाली एक खोली वाढवली होती, ती फोटोत आली का एवढं त्यांनी पाहून घेतलं.

उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, म्हणून मी स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून आणल्या. ताईने त्या क्रमाने लावल्या, कापडी पिशवीत ठेवल्या आणि निघाली. मी मागे राहिलो. ती प्रत्येक कोपऱ्यावर थांबायची, फोटो समोर धरायची, कूलर आणि कूलर ताडून पाहायची आणि वळायची. चक्कीवर पोचली. परतताना पहिल्याच वळणावर अडली. मी सगळे फोटो जातानाच्या बाजूने काढले होते. येताना रसवंतीचा मागचा पत्रा दिसत होता, आणि तो तिच्या फोटोत नव्हता.

दुसऱ्या दिवशी येतानाचे फोटो काढले. मग जमलं. काही दिवस मी लांबून मागे गेलो. मग कोपऱ्यापर्यंत गेलो. मग फाटकात थांबलो. माझी बायको चांदूर रेल्वेच्या शाळेत शिकवते. सुट्ट्यांमुळे ती घरी होती. ती म्हणाली की चक्कीवर जाण्याच्या नादात ताई घरातली सगळी ज्वारी संपवणार. खरंच, त्या महिन्यात आम्ही तिन्ही त्रिकाळ भाकरी खाल्ल्या. ताईने मुलाला फोन करून कळवलं. तो म्हणाला, छान, मी येऊन बघतो.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले. एका सकाळी ताई डबा घेऊन गेली आणि बराच वेळ आली नाही. तिच्याकडे फोन असतो, पण तो तिला अशा वेळी उपयोगाचा नव्हता. फोन उचलला की समोरचा पहिलं विचारतो, कुठे आहेस. तेवढंच तिला सांगता येत नसे.

मी निघालो आणि पहिल्याच वळणावर चूक कळली. निळा कूलर नव्हता. खिडकी होती, बंद. कूलर गच्चीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असणार, वऱ्हाडात सगळे ठेवतात तसा. आमचा स्वतःचा मी आदल्याच रविवारी उतरवून ठेवला होता. पुढे किराणा दुकानासमोरची जाळी निघाली होती. पाणपोईचे रांजण गेले होते. रसवंतीच्या जागी चिखलात चाकांच्या खुणा होत्या. मी तिला वाटेचे फोटो दिले नव्हते, उन्हाळ्याचे दिले होते. वर्तमानपत्रातला फोटो दुसऱ्या दिवशी जुना होतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. मी त्याच हिशेबाने काम केलं होतं.

ताई कडुनिंबाखाली उभी होती, पाणपोईचा फोटो हातात धरून. डबा पायाशी. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहत होते, तिने कुणालाही काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत ले-आउटभर झालं असतं की त्यांच्या ताई हरवल्या होत्या, आणि ते पुण्याला पोचायला वेळ लागला नसता. मी जवळ गेलो तेव्हा ती रडलेली नव्हती. रागावलेली होती.

"मी नाई हरवली," ती म्हणाली. "मी अथीच उभी आहे. तुहा निया कूलर हरवला."

मी तिचा डबा उचलला. घरी चल म्हणालो. तिने डबा माझ्या हातून घेतला आणि म्हणाली, आधी दळण. चक्कीवर जाऊन, दळून, मगच आम्ही घरी आलो.

मुलगा यायला थोडेच दिवस उरले होते. बायकोने सुचवलं की त्याला खरं सांगून मुदत मागून घ्यावी. ताईला ते पटलं नाही. मुदत मागितली की तो लगेच हो म्हणेल आणि मनात तिकीट काढून ठेवेल, असं तिचं म्हणणं होतं. आपल्या मुलाला ती ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. या वेळी निवड तिची होती. एखादी वस्तू मी दाखवली की ती विचारायची, हे दिवाळीत राहील का? उन्हाळ्यात राहील का? भिंतींचे रंग तिने सगळे नाकारले, दिवाळीला लोक रंग देतात. फाटकं नाकारली. कुंड्या, तुळशी, उभ्या मोटारी, दुकानांच्या पाट्या, सगळं नाकारलं. एका दारासमोरचा मांडीभर उंचीचा दगड तिला आवडला होता, पण तो कुणाचा आहे आणि कशासाठी ठेवला आहे हे तिने त्या घरात जाऊन विचारलं. गाडी लावू नये म्हणून ठेवला होता. गटार बांधून झाली की काढणार होते. दगडही बाद झाला.

शेवटी जे उरलं ते असं. पहिल्या वळणावर विजेची डीपी, भोवती तारेचं कुंपण, त्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या. दुसऱ्या वळणावर पार वाकलेला सिमेंटचा खांब. तिसऱ्या वळणावर कडुनिंबच, पण झाड नव्हे. त्याच्या बुंध्याला लागून असलेली बंद हापशी, जिची दांडी कुणीतरी केव्हाच काढून नेली होती. चौथ्या वळणावर एक रिकामा प्लॉट, त्यात बाभळी आणि एक लोखंडी पाटी: हा प्लॉट विकणे नाही. ही पाटी तरी टिकेल का, असं मी विचारलं. ताई म्हणाली की ज्याला विकायचंच नाही तो पाटी कशाला काढेल.

या चारांपैकी एकही फोटो मी पानावर लावला नसता. डोळा कुठेच थांबत नव्हता. मी तसं म्हणालो तेव्हा ताई डीपीच्या कुंपणाजवळ जाऊन उभी राहिली.

"मले घे त्याच्यात. मी उभी राहतो अन् बोट दाखवतो, कुकडं जायचं ते."

वर्तमानपत्रात काम केलेल्या कुणालाही हा फोटो माहीत असतो. खड्ड्याकडे बोट दाखवणारे नागरिक, तुंबलेल्या नालीकडे बोट दाखवणारे नागरिक, कोरड्या नळाकडे बोट दाखवणारे नागरिक. रोज येत. ते आले की मी बोट कापून टाकत असे, खड्डा स्वतःच दिसतो म्हणून. ताईला मी हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हात खाली केला नाही. मी फोटो काढला.

प्रत्येक जागी दोन फोटो, जातानाचा आणि येतानाचा. दोन्ही मिसळू नयेत म्हणून जाताना तिने डोक्यावर पदर घेतला आणि येताना पदर कमरेला खोचला. घराकडे येताना कशाला पदर, असं ती म्हणाली. कुत्री फोटोत आली, सायकलवरचा माणूस आला, घरटॅक्सवाले गृहस्थही एका फोटोत कडेला उभे आहेत. मी काही कापलं नाही.

हे फोटो आधीच्यांपेक्षा लवकर उपयोगी पडले. का, ते मला नक्की सांगता येणार नाही. ती म्हणायची की जागा नाही आठवत, पण आपण तिथं उभं होतो ते आठवतं. कुंपणाची तार कोपराला लागली होती, हापशीपाशी चिखलात चप्पल रुतली होती. कोपऱ्यावर आली की ती फोटोतल्यासारखी उभी राहायची आणि फोटोतल्यासारखा हात करायची. मग हाताच्या दिशेने चालू लागायची. गल्लीतल्या बायका हसत. एकीने विचारलं की ताई ट्रॅफिक पोलिसात लागल्या का. ताई म्हणाली, हाव, पगार बाकी आहे.

मुलगा शनिवारी आला. दोन तिकिटं परतीची काढून आला होता, ते त्याने लपवलं नाही. जेवताना त्याने आईच्या पोळीवर तूप वाढलं, औषधं पाहिली, माझे आभार मानले. रविवारी सकाळी ताईने ज्वारीचा डबा भरला. तो चपला घालू लागला. मी मागे-मागे येतो, तुला दिसणारही नाही, असं म्हणाला. ताईने डबा खाली ठेवला.

"मांगं यायचं नाई. तू मांगं असला त मंग मी कोठं गेली?"

तो माझ्याकडे पाहू लागला. त्याने चपला काढल्या. ताईने डोक्यावर पदर घेतला आणि गेली.

आम्ही पुढच्या फरशीवर खुर्च्या टाकून बसलो. बायकोने चहा आणला. त्याने पुण्याच्या घराबद्दल सांगितलं. खाली बाग आहे, देऊळ आहे, आईच्या वयाच्या बायका असतात. मग तो रस्त्याकडे पाहत राहिला. दळण यायला लागतो तेवढा वेळ होऊन गेला. तो उठला, फाटकापर्यंत गेला, परत आला.

"मामा, एकदा बघून येऊ?"

मला जायचं होतं. पावसानंतरचं ते कडुनिंबाखालचं उभं राहणं मी पाहिलं होतं, त्याने पाहिलं नव्हतं. मी त्याला ते तेव्हा सांगितलं. त्याच्यापासून ते लपवून ठेवू नये, असं वाटलं. तो चपला घालू लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने आवाज मोठा केला.

"चक्कीवर आहे मी," ताई म्हणाली. "लाइन गेली. आली का दळून निंगतो. जेवून घ्या तुमी."

त्याने फोन ठेवला, पण चपला लगेच काढल्या नाहीत. ती कुठे आहे हे झटक्यानंतर तिने पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि ते त्याच्या लक्षात आलं की नाही हे मला कळलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "लाइट किती वेळ जाते इथं?" मी म्हणालो, नेम नाही. तो खुर्चीत बसला.

आम्ही जेवलो नाही. ती आली तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. पदर कमरेला खोचलेला, भुवयांवर पीठ, डबा गरम. तिने डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, पाणी प्यायली आणि मुलाला विचारलं की भाकर खाशील की पोळीच पाहिजे.

त्याने एक तिकीट रद्द केलं. दिवाळीपर्यंत, असं म्हणाला. ताईने दिवाळीपर्यंत हा शब्द ऐकला आणि सोडून दिला. मग जाता-जाता फाटकात त्याला काम सांगितलं. तिला चार दिवस त्याच्याकडे जायचं होतं, पण बाहेरून लॅच लावलेलं चालणार नव्हतं. तेव्हा त्याने आपल्या मजल्यावर असं काय आहे की जे बाकीच्या मजल्यांवर नाही आणि जे कुणी हलवणार नाही, ते शोधून फोटो पाठवायचा होता. तिने त्याला अटी सगळ्या सांगितल्या. रंग नको, कुंडी नको, पायपुसणं नको.

फोटो यायला काही आठवडे लागले. तोवर आम्ही देवळाच्या रस्त्याचे काढायला घेतले होते. एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर आला. लिफ्टसमोरचा लांब बोळ, दोन्हीकडे एकसारखी तपकिरी दारं, भिंतीला आगीसाठी टांगलेली वाळूची लाल बादली. बादलीशेजारी तो स्वतः उभा आहे, ऑफिसच्या कपड्यांत, आणि एका दाराकडे बोट दाखवतो आहे. फोटो सुनेने काढला असावा. तिची सावली खालच्या कोपऱ्यात आली आहे.

मी तो तसाच छापून आणला. ताईने उजेडाशी नेऊन पाहिला, त्याच्या बोटापासून दारापर्यंत नजर नेली, मग परत बादलीवर आली.

"त्याले इचार," ती म्हणाली, "बकेट भिंतीत पक्की ठोकेल आहे, का नुसती अडकवेल आहे?"